मराठी विज्ञान-वेबमालिका: ‘द एक्सपान्स’सारखी मुरलेली संस्कृती आणि पात्रांमधली नाती कशी उभी करायची?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातला आमचा नाटकवाल्यांचा गट सहा भागांची वेबमालिका लिहितोय, प्रत्येक भाग २५ मिनिटांचा. जागा म्हणजे लघुग्रहांच्या पट्ट्यातलं एक फिरतं कडं, बांगडीसारखं गोल अवकाशस्थानक. त्रिज्या १०० मीटर, फिरण्यातून मिळणारं गुरुत्व पृथ्वीच्या ०.३, वस्ती ४०० माणसांची, काम बर्फ आणि धातू काढण्याचं. पंचगंगा-वारणा खोऱ्यातून गेलेल्यांची ही चौथी पिढी. मुख्य पात्रं चार: खाणीचा मुकादम, पाणी-हवेची फिल्टरं सांभाळणारी त्याची सून, पृथ्वीवरून तीन वर्षांच्या करारावर आलेली डॉक्टर आणि तालमीचा वस्ताद.

जोतिबाची यात्रा, कुस्ती, तांबडा-पांढरा रस्सा, सगळं संहितेत आहे. तरी वाचणाऱ्यांचं म्हणणं, ही कोल्हापुरातली शिवाजी पेठच वाटते, अवकाशातली वस्ती वाटत नाही. दुसरी तक्रार म्हणजे पात्रं एकमेकांना आपलीच संस्कृती समजावून सांगत बसतात. ‘द एक्सपान्स’ या अवकाशातल्या मालिकेतले लघुग्रह-पट्ट्यातले लोक पहिल्या भागापासून खरे वाटतात, त्यांच्यातल्या नाओमी-ड्रमर-ॲशफोर्ड यांची नाती कुणी न सांगता कळतात. ते नेमकं कशामुळे होतं? आमच्या संहितेत काय बदलावं? मालिका पाहिलेल्यांनी मोकळेपणाने लिहा, कथानक फुटलं तरी चालेल.

उपसाबंदी

यात्रा आणि रस्सा आधी घेतला आणि वस्ती त्याभोवती बांधली, म्हणून पेठ दिसते. उलटं करा. आधी पाण्याचा हिशोब मांडा.

माणशी रोज २० लिटर धरा: पिणं, स्वयंपाक, अंग पुसणं, धुणं. ४०० माणसांना ८,००० लिटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. तेवढंच तुमच्या कड्यावर मिळतं असं धरलं तर रोज १६० लिटर कायमचं जातं, वर्षाला ५८,४०० लिटर. आपल्याकडचा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. सहा टँकर बर्फ वितळवून भरून काढायचा. आता फिल्टरं तुंबली आणि ९८ चे ९५ टक्के झाले. रोजची तूट ४०० लिटर, वर्षाला १,४६,००० लिटर, म्हणजे जवळजवळ पंधरा टँकर. तीन टक्के घसरले आणि बर्फाच्या पाळ्या अडीचपट झाल्या. या वस्तीत शब्द चालणार तो मुकादमाचा नाही, त्याच्या सुनेचा. हे कुणाच्याही तोंडी घालू नका, हिशोब फक्त लेखकाच्या वहीत राहू दे.

आता गुलाल घ्या. बारीक भुकटी ०.३ गुरुत्वात खाली बसायला तिपटीहून जास्त वेळ घेते. तोवर पंखा तिला ओढून फिल्टरात नेतो. यात्रेत एकदा गुलाल उधळला की सुनेचे पुढचे कितीतरी दिवस फिल्टरं झटकण्यात जाणार, आणि झटकलेली धूळही टाकायला जागा नाही. मग चौथ्या पिढीचा गुलाल कसा असेल? तेलात कालवलेला, डबीतून बोटाने कपाळाला लावायचा. उधळलेला गुलाल या वस्तीत कुणीच पाहिलेला नाही, फक्त ऐकलेला आहे. वस्तादाला आयुष्यात एकदा तो उधळायचाय. सूनबाई नाही म्हणते. मुकादमाला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. इथे यात्राही आली, नातंही आलं, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कोल्हापूर घ्यायचंच तर त्याची चीजवस्तू घेऊ नका, त्याची व्यवस्था घ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्या. पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालायचे, पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की पाटबंधारे खातं उपसाबंदी लावतं, ठरलेल्या दिवसांत नदीवरच्या मोटारी बंद. त्यावरून वरच्या आणि खालच्या गावांत वाद होतात. रात्री कुणाची मोटार चालू होती हे भावकीत सगळ्यांना ठाऊक असतं, पण तक्रार कोण करणार यावर गावाचं राजकारण ठरतं. हेच कड्यावर न्या. पाण्याच्या पाळ्या, बंदीचे दिवस, आणि बंदीत कुणाच्या घरचा मीटर फिरला हे फक्त सुनेच्या पडद्यावर दिसतं. तो मीटर तिच्या सासऱ्याच्याच घरचा असेल तर तुमचा तिसरा भाग तयार आहे.

तिसरीघंटा

वरचा हिशोब पायाचा आहे. मी नात्यांबद्दल लिहितो. खाली कथानक फुटतंय.

त्या मालिकेत राजकारण आणि घरगुती नातं एकाच कृतीत बांधलेलं असतं. दुसऱ्या सीझनमध्ये नाओमी प्रोटोमॉलिक्यूल या घातक परग्रही पदार्थाचा नमुना नष्ट न करता लपवून ठेवते आणि शेवटी टायको स्थानकावरच्या, पट्ट्याचा पुढारी असलेल्या फ्रेड जॉन्सनकडे देते. पृथ्वी आणि मंगळाच्या हाती ते असताना आपल्या पट्ट्याने रिकाम्या हाताने राहायचं, हे तिला पटत नाही. तिच्या जहाजाचा कप्तान आणि तिचा जोडीदार होल्डन, त्याचा विश्वास तुटतो तो या कृतीने. तिच्या माणसांच्या दृष्टीने ती बरोबर आहे, जहाजावरच्या माणसांच्या दृष्टीने तिने धोका दिलाय, आणि प्रेक्षकाला दोन्ही पटतं. तुमच्या संहितेत असं एकतरी कृत्य हवं, जे केल्याने पात्र एका घराशी इमान राखतं आणि दुसऱ्या घराला मुकतं.

तिसऱ्या सीझनमधले ड्रमर आणि ॲशफोर्ड. दोघं एकाच जहाजावर, ती कप्तान, तो तिच्या हाताखालचा, अनुभवाने वडील. दोघांचं पटत नाही. मग अपघात होतो आणि दोघं अवजड यंत्रांमध्ये दोन बाजूंनी अडकतात. यंत्र सरकवलं तर एक सुटतो आणि दुसरा चिरडतो. त्यांचं सगळं खरं बोलणं या अवस्थेत होतं, कारण हलायची सोयच नाही. आधीच्या भागांत त्यांचं वैर हुकूम, बसायची जागा, कुणी कुणाला कसं टाळलं यातून दाखवलंय, म्हणून इथे मोजकी वाक्यं पुरतात. अडकण्याचा प्रसंग आधी लिहून मागे वैर चिकटवलं असतं तर तो नुसता अपघात राहिला असता.

आणि पहिल्याच भागात पट्ट्यातल्या एका माणसाला पृथ्वीच्या गुरुत्वात टांगून चौकशी चालते. कमी गुरुत्वात वाढलेल्या लांबड्या, हडकुळ्या शरीराला नुसतं वजनच छळतं. हे करवून घेणारी पृथ्वीच्या सरकारातली बडी अधिकारी अवसरला नातवावर जीव टाकणारी आजी आहे. पृथ्वी पट्ट्याशी कशी वागते हे एका खोलीत कळतं.

तुमच्या चार पात्रांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण कुणाचं काय देणं लागतो, कोण काय लपवतो, आणि चारचौघांत व एकांतात एकमेकांना काय म्हणून हाक मारतात. तिसरी गोष्ट मराठीत फार कामाची आहे. सून पाळीवर असताना सासऱ्याला ‘मुकादम’ म्हणते, घरात ‘मामा’. ज्या दिवशी ती सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या रेडिओवर ‘मामा, झडप बंद करा’ म्हणते, त्या दिवशी संकट खरं आहे हे प्रेक्षकाला कळेल. त्यासाठी आधीच्या दोन भागांत हा फरक किमान चारदा तरी कानावर पडलेला हवा, नाहीतर वाक्य वाया जाईल.

सुनेचा अधिकार दाखवायला गुऱ्हाळावरचा गुळव्या डोळ्यांसमोर ठेवा. काहिल (रस आटवायची मोठी कढई) मालकाची, ऊस मालकाचा, जाळ घालणारे गडी मालकाचे. भेंडीचं पाणी घालून मळी काढून झाली, रस आटत आला, की सगळे गुळव्याच्या तोंडाकडे बघतात. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांत त्याची गोळी वळतो आणि उतरवायला सांगतो. तेवढ्या वेळापुरतं मालकाचंही चालत नाही. लवकर उतरवली तर गूळ घट्ट बसत नाही, उशीर झाला तर करपतो. सुनेलाही असंच हातातलं काम द्या. फिल्टरची जाळी उजेडाकडे धरते, बोट फिरवते, बोटाचा वास घेते आणि ‘आज धुणं बंद’ म्हणते. मुकादम गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यावर कॅमेरा ठेवा.

डॉक्टरला प्रश्न विचारणारी पाहुणी करू नका. तुमची समजावण्याची खोड तिच्यामुळेच लागलीय. तिला चूक करू द्या. पहिल्या दिवशी ती नळ सोडून कोपरापर्यंत हात धुते. कुणीही टोकत नाही. संध्याकाळी मुकादमाच्या घरात दोन लिटर पाणी कमी येतं, कारण पाहुण्याचं जास्तीचं पाणी यजमानाच्या खात्यातून कापलं जातं. तिला हे चौथ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळतं. पाहुणचार, पाणी आणि तिची लाज, सगळं एका प्रसंगात येतं.

कडंफिरतंय

आकडे मागितलेत असं समजून देतोय. १०० मीटर त्रिज्येत ०.३ गुरुत्व हवं तर कड्याला एक फेरा सुमारे ३६ ते ३७ सेकंदांत पुरा करावा लागतो. जमिनीचा वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर.

याचा यात्रेवर थेट परिणाम होतो. कडं फिरतं त्याच दिशेने माणूस सेकंदाला दीड मीटर चालला तर त्याचं वजन सुमारे १८ टक्के वाढतं, उलट दिशेने चालला तर साधारण १७ टक्के घटतं. सासनकाठी नाचवणारी मंडळी हे पहिल्याच वर्षी शिकतील. शिवाय १० मीटर उंच काठीच्या शेंड्याला १० टक्के कमी वजन, त्यामुळे काठीचा तोल पृथ्वीसारखा राहत नाही. चार पिढ्यांत यात्रेचा नियम होणार: काठी उलट फेऱ्याने निघते. नवस फेडणारा मात्र मुद्दाम सुलट फेऱ्याने, जड करून नेतो. पात्राचा हट्ट दाखवायला याहून सोपा मार्ग नाही, नुसती चालायची दिशा पुरे.

कुस्तीचंही तसंच. वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी, पण वस्तुमान तेवढंच. उचलणं सोपं, उचललेल्याला थांबवणं पृथ्वीइतकंच अवघड. पायाखालची पकड सुटते कारण जमिनीवर दाब फारच कमी पडतो, आणि अंगाचा भार टाकून खाली दाबून ठेवणं चालत नाही. म्हणजे हाताची पकड आणि पायाची आढी यांचं महत्त्व वाढतं, मोठ्या अंगाच्या पैलवानाचा फायदा घटतो. हळद, ताक, तेल घातलेली तांबडी माती फिल्टरामुळे शक्यच नाही. वस्तादाकडे पृथ्वीवरून आलेली मूठभर माती बंद बाटलीत असेल, कुस्तीआधी बाटलीला हात लावायची रीत असेल. ती बाटली फुटायलाच हवी असं नाही. तो मोह आवरा.

रस्सा: कड्यावर हवेचा दाब ७० किलोपास्कल धरला तर पाणी ९० अंशांनाच उकळतं. कुकरशिवाय मटण, डाळ शिजायला फार वेळ लागेल. मिरचीची फोडणी दिली की धुराचा गजर वाजेल, म्हणून तांबडा रस्सा बंद खोलीत, ठरलेल्या दिवशी, सुनेची परवानगी काढून. अर्थात परवानगी द्यायची तर आधी तिला ताट.

पंचगंगाकाठ

खूप आभार. गुलाल आणि उलटा फेरा, दोन्ही घेतोच. दोन शंका. शूटिंग एमआयडीसीतल्या रिकाम्या शेडमध्ये आहे, ग्राफिक्सला पैसा जवळपास नाही. कमी गुरुत्व दाखवायचं कसं? आणि ‘द एक्सपान्स’ने निक फार्मर या भाषातज्ज्ञाकडून पट्ट्याची आख्खी बोली करून घेतली, तसं आपण करावं का?

तिसरीघंटा

बोली करू नका. त्यांच्याकडे सहा सीझन आणि ६२ भाग होते, तुमच्याकडे एकूण १५० मिनिटं आहेत. प्रेक्षक शब्द शिकेपर्यंत मालिका संपेल. एका भागात फार तर पाच नवे शब्द ठेवा, प्रत्येक तीनदा ऐकू येऊ दे, आणि पहिल्यांदा येईल तेव्हा ती वस्तू कुणाच्या तरी हातात असू दे.

हातवारे मात्र नक्की घ्या. पट्ट्यातले लोक हाताने बोलतात कारण अवकाशपोशाखात मान हलवलेली दिसत नाही. तुम्ही सहाच खुणा ठरवा: हो, नाही, थांब, हवा कमी, माझ्याकडे बघ, माफ कर. तालमीपूर्वी सगळ्या नटांकडून त्या सलग घोटून घ्या. घरात, जेवताना, भांडतानाही त्याच वापरा. डॉक्टरला पहिल्या भागात एकही येत नाही, सहाव्या भागात ती न बोलता ‘माफ कर’ करते. कुणाला करते ते तुम्ही ठरवा.

उपसाबंदी

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. नवे शब्द कमी, हे मान्य. पण आजची कोल्हापुरी जशीच्या तशी ठेवली तर पुन्हा पेठच ऐकू येईल. वस्तीत इतर प्रांतांतले, इतर देशांतलेही लोक असणार. मूळ लय राहू दे, ‘की’, ‘ओ’, ‘बघा की’ राहू देत. पण पाऊस, विहीर, नांगर यांवरून आलेल्या म्हणी चौथ्या पिढीच्या तोंडून काढा. त्या फक्त सर्वांत म्हाताऱ्या पात्राकडे ठेवा. तरुण पात्रं हवेवरून, झडपेवरून, पाळीवरून बोलतील. संहिता एकदा फक्त हे शोधण्यासाठी वाचा.

कडंफिरतंय

शूटिंगचं. ०.३ गुरुत्वात वस्तू पडायला पृथ्वीच्या १.८ पट वेळ घेते. दीड मीटरवरून सुटलेली वस्तू इथे सुमारे ०.५५ सेकंदात पडते, तिथे एका सेकंदात. म्हणून पडणाऱ्या वस्तूंचे वेगळे शॉट सेकंदाला ४५-४६ फ्रेमने घ्या आणि २५ ने चालवा. माणूस या शॉटमध्ये फार तर हातापुरता ठेवा, चेहरा आला की नुसतं स्लो मोशन वाटतं.

फिरत्या कड्यात वस्तू सरळही पडत नाही. १०० मीटर त्रिज्येत दीड मीटरवरून पडलेली वस्तू फिरण्याच्या उलट बाजूला सुमारे १७ सेंटिमीटर सरकून पडते, कडं हळू फिरो की जोरात. हे फुकटात करता येतं: टेबल, मागची भिंत आणि कॅमेरा, तिन्ही एकाच बाजूला साडेसहा अंश कलते करा. पडद्यावर टेबल सरळ दिसेल, वस्तू मात्र तिरकी पडेल. चौकटीत लोंबती वायर, टॉवेल किंवा पारदर्शक ग्लासातलं पाणी आलं की बिंग फुटतं, म्हणून भांडी अपारदर्शक घ्या. ‘द एक्सपान्स’मध्ये सेरेस या पट्ट्यातल्या फिरत्या खगोलावरच्या वस्तीत ओतलेलं पेय वळसा घेतं. खऱ्या सेरेसची त्रिज्या सुमारे ४७० किलोमीटर, तिथे कडेजवळ असा वळसा डोळ्यांना दिसणारच नाही, अक्षाच्या अगदी जवळच दिसेल. तुमच्याकडेही २० सेंटिमीटरवरून ओतलं तर सरक एक सेंटिमीटरहून कमी. तेव्हा चहा सरळ ओता, आणि वरून टाकलेली किल्ली मात्र सवयीने बाजूला हात धरून झेला. डॉक्टरची किल्ली पहिले दोन भाग हुकू दे.

सेटला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतले जुने लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा करायचे नमुने) भाड्याने मिळाले तर बघा. झडपा, फ्लँज, पंपाची घरं यांचे आकार खरे असतात, वजनाला हलके, आणि राखाडी रंग दिला की कॅमेऱ्याला ओतीव लोखंडच दिसतं. हातात धरायच्या वस्तू मात्र खऱ्या धातूच्या ठेवा, लाकडाचा आवाज लगेच ओळखू येतो.

पृथ्वीशी थेट फोन कुठेही ठेवू नका. पट्ट्यातून निरोप एका बाजूने जायला साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात, त्यामुळे डॉक्टर घरच्यांशी बोलते ते फक्त रेकॉर्ड करून. तिचा नवरा उत्तर देतो तेव्हा तिची पाळी सुरू झालेली असते.

आणि १०० मीटर त्रिज्या एकदा ठरली की सहाही भागांत तीच ठेवा. मध्येच कड्याचं चित्र छान दिसतं म्हणून २५० केली तर फेऱ्याचा वेळ ५८ सेकंदांवर जातो, सरक ११ सेंटिमीटरवर येते, टेबलाचा कल चार अंशांवर आणावा लागतो, आणि काठी उलट्या फेऱ्याने नेण्याचा फायदाही १७ वरून ११ टक्क्यांवर येतो.